मापाचा उंदीर

"रोज किती पोळ्या लाटता?" डॉक्टरांनी विचारलं.

मी उजवा हात त्यांच्या टेबलावर मुद्देमालासारखा ठेवला होता. अंगठ्याच्या बुडापासून कोपरापर्यंत कळ जात होती आणि रात्री दीड-दोनला बोटांना मुंग्या येऊन जाग यायची.

"एकही नाही," मी म्हणाले. "पोळ्यांना बाई येतात."

डॉक्टरांनी माझ्याबरोबर आलेल्या नवऱ्याकडे बघितलं. त्याने गुन्हा कबूल केल्यासारखी मान हलवली.

"मग धुणं? पिळणं?"

"मशीन आहे."

"भांडी?"

"त्याच बाई."

ही बाई मग घरात करते तरी काय, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर इतका स्वच्छ उमटला की मीच घाईघाईने सांगून टाकलं, "अकाउंट्सला आहे मी. दिवसभर हातात माउस असतो."

"असं होय," म्हणत त्यांनी माझं मनगट उलटसुलट केलं, दोन ठिकाणी टिचक्या मारल्या, आणि समजावून सांगितलं. मनगटात आठ चिमुकली हाडं असतात, त्यांच्या मधून एक अरुंद बोगदा जातो, त्या बोगद्यातून बोटं हलवणाऱ्या दोऱ्या आणि एक नस जाते. मनगट तासन् तास वाकवून ठेवलं की आत दाटी होते आणि नस चेपते. मला लगेच समजलं. शनिवारी संध्याकाळचा कात्रजचा बोगदा. त्यांनी रात्री बांधायला पट्टा लिहून दिला आणि वर म्हणाले, "माउस बदला. हाताला बरा वाटेल असा घ्या."

हाताला बरा वाटेल असा घ्या. पाच शब्द. त्या पाच शब्दांपायी माझे चार महिने आणि तीन माउस गेले.

जुन्या माउसबद्दल दोन शब्द बोलायला हवेत, कारण त्याने माझ्याबरोबर नऊ मार्चअखेर काढल्या. तो कंपनीचा होता, वायरचा होता, आणि त्याची वायर रोज संध्याकाळी मी सरळ करून गेले तरी सकाळी स्टेपलरच्या गळ्यात पडलेली असायची. डावं बटण झिजून चकचकीत झालं होतं, देवळाच्या उंबऱ्यासारखं. शेवटच्या वर्षात त्याला एकाचे दोन करायची खोड लागली. बटणाच्या आत एक पातळ पत्रा असतो, लाखो वेळा दाबून दाबून त्याची लवचीकता गेली की तो एका दाबण्यात दोनदा टेकतो. त्यामुळे मी फाइल एकदा टिचकी मारून नुसती निवडायला जायचे आणि ती धाडकन उघडायची. चाकाचं तर विचारू नका. एक्सेलच्या एका पानात १०,४८,५७६ ओळी असतात. मी ते चाक खाली फिरवायचे आणि पान मध्येच वर उसळी मारायचं, जणू खाली काहीतरी बघू नये असं आहे.

त्यात मागच्या दसऱ्याला आमच्या शिपाईमामांनी खंडेनवमीची पूजा केली. मामा पूजा मनापासून करतात. माउस पालथा घालून त्यांनी हळदकुंकू वाहिलं ते नेमकं पोटावरच्या त्या लाल दिव्याच्या भोकात. तो दिवा शोभेला नसतो हे मला तेव्हाच कळलं. त्या उजेडात माउस टेबलाचे सेकंदाला हजारावर फोटो काढतो आणि एका फोटोवरून दुसऱ्यावर येताना टेबल किती सरकलं त्यावरून बाण हलवतो. (म्हणून तर तो गुळगुळीत काचेवर चालत नाही. आमच्या साहेबांचं टेबल काचेचं आहे. ते गेल्या वर्षीची बँकेची डायरी खाली घालून माउस फिरवतात आणि डायरी संपली की बाण थांबतो.) डोळ्यात कुंकू गेल्यावर कोणाला दिसणार आहे? बाण आठवडाभर तिरका चालत होता. मी कानकोरण्याने तो डोळा साफ केला.

तर आता नवा घ्यायचा, तोही बिनवायरचा. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याला फोन केला.

"मावशी, तुझी ग्रिप कुठली?"

सत्तेचाळीस वर्षं या हाताबरोबर काढली, पण त्याची ग्रिप कुठली हे मला सांगता येईना. लाजच वाटली. त्याने सांगितलं, अख्खा तळवा टेकवला की पाम, बोटं पंजासारखी उभी राहिली की क्लॉ, नुसत्या टोकांनी धरला की फिंगरटिप. मी दोन दिवस स्वतःवर पाळत ठेवली. सकाळी पाम, जेवणानंतर क्लॉ, आणि महिन्याच्या १९ तारखेला, म्हणजे जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायच्या आदल्या दिवशी, मी माउसचा गळा धरलेला असतो. त्या ग्रिपला नाव नाही.

त्याने स्वतःचा माउस आणून दाखवला. त्याला सगळीकडून भोकं.

"वजन कमी करायला पाडलीत. फक्त साठ ग्रॅम."

"आणि हे दिवे?"

"ते असेच."

दिवे हिरव्यातून जांभळ्यात जात होते. गणपतीच्या मखरात ठेवला असता तर कोणी हटकलं नसतं. पुढे तो डीपीआयवर आला. माउस एक इंच सरकला तर तो कॉम्प्युटरला किती पावलं मोजून सांगतो, ते डीपीआय. याच्या माउसला सव्वीस हजार. मी हात ठेवला, नुसता श्वास घेतला, आणि बाण दिसेनासा झाला. सव्वीस हजार डीपीआयवर जीएसटी भरायला बसले तर रिटर्न शेजारच्या कंपनीच्या नावावर जाईल. हिशोबाच्या कामाला आठशे ते सोळाशे पुष्कळ झाले, हे त्याने शेवटी मान्य केलं, पण ज्या दयेने केलं ती मी विसरणार नाही.

मुंग्यांनी रात्री जाग आली की मी मोबाइलवर माउस बघत पडायचे. म्हणजे उजव्या मनगटासाठी डाव्या अंगठ्याचं नुकसान. अशाच एका रात्री माउसच्या मूळ पुरुषाबद्दल वाचलं. डग्लस एंगलबार्ट हे कॅलिफोर्नियातले गृहस्थ. कल्पना त्यांची, आणि १९६४ साली पहिला नमुना बनवला त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी. तो होता लाकडाचा. पोखरलेला ठोकळा, खाली एकमेकींना काटकोनात दोन चाकं, वर एकच बटण, आणि मागे वायरचं शेपूट, त्यावरून ते नाव. लाकडाचा! म्हणजे डॉक्टर अगदीच चुकले नव्हते. माउस आणि लाटणं एकाच घराण्यातली. १९७० साली पेटंट मिळालं तेही संस्थेच्या नावावर, आणि माउस घरोघरी पोहोचेपर्यंत त्याची मुदत सरत आली. एंगलबार्टना रॉयल्टीचा एक पैसा मिळाला नाही. वाचून त्यांच्याबद्दल एकदम जिव्हाळा वाटला. अशी माणसं आमच्या अकाउंट्समध्ये भरपूर आहेत.

ऑनलाइन खरेदीचं दुखणं असं की फोटोत माउस एकटाच असतो. शेजारी एक लिंबू ठेवलं असतं तरी चाललं असतं. अभिप्राय वाचावेत तर कुरिअरवाला तिसऱ्या मजल्यावर चढला नाही म्हणून एकाने माउसला एक तारा दिलेला, दुसऱ्याने अजून खोकं उघडलं नाही पण छान आहे म्हणून पाच, आणि एकाने दोन दिवस वापरून दोन वर्षं बॅटरी टिकते हे खरं असल्याचं शपथेवर सांगितलेलं. हाताबद्दल कोणीच बोलत नव्हतं. मी निमूटपणे साडेचार तारे असलेला एक गोंडस माउस मागवला.

आला तो पानाच्या डबीएवढा. खाकऱ्यासारखा चपटा. त्यावर माझी तीन बोटं मावायची. करंगळी आणि तिच्या शेजारची, या दोघी दिवसभर बाहेर लटकत, पीएमटीच्या फुटबोर्डावर उभं राहावं तशा टेबल घासत प्रवास करायच्या. पंधरा दिवसांनी करंगळीला घट्टा पडला. तो माउस मी घरी आणून ठेवला, तर सासूबाईंनी लॅपटॉपवर पत्ते खेळायला घेतला आणि म्हणाल्या, "हा कसा गं छान बसतो हातात!" त्यांच्या हाताला तो बेतून शिवल्यासारखा होता. त्याच्या साडेचार ताऱ्यांत त्यांचा एक नक्की असणार.

मग आमच्या ऑफिसातला आयटीचा मुलगा म्हणाला, "मॅडम, तुम्ही व्हर्टिकल घ्या." व्हर्टिकल म्हणजे उभ्या केलेल्या करंजीसारखा माउस. त्याची पाठ सत्तावन्न अंशात तिरकी असते आणि आपण तो वरून न धरता बाजूने धरतो, हस्तांदोलन करावं तसा. शास्त्र बरोबर आहे. हात पालथा टाकला की कोपरापुढची दोन हाडं एकमेकींवर पिळतात, बाजूने धरला की सरळ राहतात. पण सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा हस्तांदोलन, आणि समोरचा हात सोडायचं नाव घेत नाही! निवडणुकीतल्या उमेदवारासारखं वाटायला लागतं.

मनगटाला आराम पडला, हे नाकारत नाही. मुंग्याही कमी झाल्या. त्रास दुसरेच. कीबोर्डवरून हात उचलून मी सवयीने वरून झडप घालायचे आणि करंजी आडवी व्हायची. एकदा ती पेल्यात गेली, चहा व्हाउचरवर. शिवाय टिचकी मारताना बोट खाली नाही, बाजूला दाबतं, त्यामुळे माउस केसभर सरकतो. केसभर म्हणजे बरोबर एक खाना. सहा महिन्यांचं भाडं मी एका दुपारी लागोपाठ विजेच्या बिलाच्या खान्यात टाकलं.

सगळ्यात वाईट म्हणजे तो माउस बघून लोक थांबायचे. "हात दुखतोय का?" आणि मग उपाय. एरंडाचं पान बांधा. महानारायण तेल कोमट करून लावा. पर्चेसच्या एका बाईंनी मला पॅन्ट्रीत गाठून स्वतःच्या जावेच्या ऑपरेशनची हकीकत सांगितली, टाक्यांसकट. साहेबांनी जाता जाता तो उचलून पाहिला, उलटा केला, आणि "हे कशाचं झाकण आहे?" असं विचारून जागेवर ठेवला.

आणि मग ते एक वाजताचं प्रकरण सुरू झालं.

रोज दुपारी एकच्या सुमाराला बाण अडखळायचा. चालता चालता थबकायचा, मग एकदम दोन इंच पुढे. वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप बरा. बॅटरी बदलली, टेबल पुसलं, खालचं कापड बदललं. आयटीच्या मुलाला बोलावलं तर तो साडेतीनला यायचा, तेव्हा माउस गुणी बाळासारखा चालायचा. "माझा माउस जेवायला जातो रे," मी म्हटलं. तो हसला. मी विनोद करत नव्हते.

शेवटी मी त्याला पावणेएकपासून शेजारी बसवून ठेवला. एक वाजला. बाण अडखळला. त्याने डोंगल, म्हणजे माउसचं बोलणं ऐकायला कॉम्प्युटरला खोचलेलं ते बोटाच्या पेराएवढं बोंडूक, बघितलं, शेजारच्या निळ्या पोर्टातली हार्डडिस्क काढली, म्हणाला हिच्यामुळेही अडथळा येतो. किंचित फरक पडला. मग तो गप्प झाला आणि त्याने कान टवकारले. माझ्या पाठीमागे प्लायवुडचं पार्टिशन आहे. पलीकडे पॅन्ट्री. पलीकडून "टिंग" असा आवाज आला आणि बाण सुरळीत झाला. पुन्हा कोणीतरी दार लावलं, घूंऽ असा आवाज, आणि बाण लंगडायला लागला.

मायक्रोवेव्ह! माझा माउस डोंगलशी बोलतो २.४ गिगाहर्ट्झवर, आणि अन्न तापवणाऱ्या लहरीही जवळपास तिथल्याच. भट्टीच्या दारातून थोडी कुजबुज बाहेर सांडते, आणि एक पेन्सिल सेलवर चालणाऱ्या माझ्या माउसचा आवाज तीत बुडून जातो. सदतीस लोकांचे डबे माझ्या पाठीशी एकामागून एक तापत होते. मला हळूहळू अंदाज यायला लागला. छोटा अडखळा म्हणजे भात. लांबलचक म्हणजे फ्रीजमधून आलेला राजमा. डोंगलला वायर लावून ते माउसच्या अगदी जवळ आणून ठेवल्यावर हे बरंचसं थांबलं. म्हणजे बिनवायरच्या माउसला हातभर वायर लागली.

खांदा दुखायला लागल्यावर मात्र मी व्हर्टिकलचा नाद सोडला. त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता. आम्हा हिशोबवाल्यांना कीबोर्डच्या उजवीकडचे आकडे लागतात, त्यामुळे माउस आणखी उजवीकडे ढकलला जातो आणि हात दिवसभर लांबच्या नातेवाइकाला पान वाढल्यासारखा ताणलेला राहतो. पण आयटीच्या मुलाला विचारलं, आकड्यांचा कीबोर्ड वेगळा मिळतो का, तो डावीकडे ठेवता येईल. तो म्हणाला मिळतो, पण मंजुरी लागेल. मंजुरी अजून लागते आहे.

एका शनिवारी मी सरळ कॉम्प्युटरच्या सामानाची तपकीर गल्ली गाठली.

लक्ष्मी रोडवर चप्पल घ्यायला गेलं तर दुकानदार वीस जोड काढतो, आपण आरशासमोर चार पावलं टाकतो, "अंगठ्यात चावते" म्हणतो, तो "चार दिवसांत सैल होईल" म्हणतो. चप्पल दिवसातून तासभर पायात असते. माउस आठ तास हातात असतो, आणि तो मिळतो कडक प्लॅस्टिकमध्ये सीलबंद, कात्रीशिवाय न उघडणारा.

"काका, जरा हातात धरून बघू का?"

"पॅक फोडला की तुमचा."

"मग मापाचा आहे का ते कसं कळणार?"

"माउसला माप नसतं ताई. फ्री साइज."

ब्लाउजपीसचा अनुभव असलेल्या बाईला फ्री साइज म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मी तशीच उभी. काकांनी सात-आठ पाकिटं काउंटरवर टाकली आणि फोन घ्यायला आत वळले. मी वाकून त्यांचा बिलाचा स्क्रीन बघायला गेले आणि हात टेकायला म्हणून जो ठेवला तो त्यांच्या माउसवर.

हात तसाच राहिला.

काळा, साधा. वरची अक्षरं पुसून गेलेली, बाजूचं रबर उडालेलं, सेलच्या झाकणाला सेलोटेप. पण मागे बेताचा उंचवटा होता, तळहाताच्या खळग्यात नेमका भरणारा. कमरेशी जरा निमुळता, त्यामुळे अंगठा आणि करंगळी दोघींना आपापली जागा. कोणीच बाहेर लटकत नव्हतं. मनगट टेबलावर न टेकता सरळ राहत होतं. मी टिचकी मारली. टक्! स्पष्ट. हल्ली आवाज न करणारे मिळतात, पण मला टक् लागतं. त्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही.

"अहो, बिल डिलीट कराल," काका आले.

"हा कुठला?"

"हा? हा माझा."

"असाच द्या."

"बंद झाला तो. आता नवीन मॉडेल आलंय त्याचं, लाइटवालं."

मी हात काढला नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या मनगटावरच्या पट्ट्याकडे बघितलं, सुस्कारा टाकला आणि पोऱ्याला माळ्यावर चढवलं. वरून धूळ, दोन पंखे आणि एक खोकं खाली आलं. खोक्यात तेच माउस, पूर्ण डझन. "जुना स्टॉक. पाचशे पन्नासला एक. परत घेणार नाही." मी आयुष्यात पहिल्यांदा तपकीर गल्लीत घासाघीस न करता पैसे दिले.

त्या दिवसापासून हात बरा आहे. पट्टा रात्रीच बांधते, तोही कधीमधी.

पण मी एक चूक केली. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. आधी शेजारच्या टेबलावरच्याने माझा हातात धरून पाहिला, मग पर्चेसच्या बाईंनी, मग साहेबांनी. जुना स्टॉक म्हटल्यावर साहेबांचे डोळे लकाकले. माणूस धाडून त्यांनी उरलेले अकरा चारशे ऐंशीच्या भावाने उचलून आणले आणि अख्ख्या अकाउंट्सला, स्वतःसकट, एकेक वाटला. मामांनी प्रत्येकाच्या कॉम्प्युटरला मागच्या बाजूने डोंगल खोचून दिलं. सगळे खूश. सगळ्यांचे हात सुखात.

मग खंडेनवमी आली.

मामांनी यंदा मोठ्या टेबलावर खणाचं कापड अंथरलं. कॅल्क्युलेटर, पंचिंग मशीन, शिक्के, रोजकीर्द म्हणून एक कोरी वही, आणि पुढे बारा काळे माउस ओळीने, प्रत्येकाच्या पाठीवर झेंडूचं फूल. मी आधीच बजावलं होतं, पोटात कुंकू घालायचं नाही, म्हणून या वेळी पाठीवर बोटं उठली होती. डोंगल आपापल्या कॉम्प्युटरलाच होती. पूजा झाली, पेढे झाले, दसऱ्याची सुट्टी झाली. परवा सकाळी आलो तर मामांनी पहाटेच येऊन टेबल आवरलं होतं आणि प्रत्येकाच्या जागेवर एकेक माउस पुसून ठेवला होता.

मी कॉम्प्युटर चालू केला, कालपरवाची अर्धी राहिलेली बँकेची जुळवणी उघडली, पाच आकडे घातले आणि माउस सरकवला. बाण जागचा हलला नाही. पुन्हा सरकवला.

"अरे, कोण हलवतंय?" केबिनमधून साहेब ओरडले.

मी थांबले.

"आता थांबला!"

मी हळूच डावीकडे नेला.

"आता डावीकडे चाललाय!"

तेवढ्यात माझ्या स्क्रीनवरचा बाण आपणहून जागा झाला. रमतगमत वर गेला, कोपऱ्यातल्या फुलीवर थांबला. टक् असा आवाज झाला, पण तीन टेबलं पलीकडे. जुळवणी सेव्ह करायची का, असा चौकोन माझ्यासमोर उघडला. बाण जरा घुटमळला आणि 'डोन्ट सेव्ह'कडे निघाला.

"कोणीही टिचकी मारू नका!" मी उभी राहून ओरडले.

मामा आपट्याची पानं घेऊन माझ्या टेबलाशी आले होते. "सोनं घ्या मॅडम," ते म्हणाले, आणि पलीकडून पुन्हा टक् असा आवाज आला.